पर्प्युरा म्हणजे जांभळा

पहिला डाग मांडीवर होता. अंघोळ करताना दिसला. दुकानातल्या कपाटाची कड लागली असेल म्हणून मी सोडून दिलं. साताऱ्यात राजवाड्याजवळ माझं मॅचिंगचं दुकान आहे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल. दिवसभर ठाण खाली काढायचे, परत वर चढवायचे. त्यात लागणं-खुपणं चालूच असतं. पण हा डाग कधी लागला ते काही केल्या आठवेना, आणि तो दुखतही नव्हता. आठवडाभरात पोटरीवर आणखी दोन उमटले. नडग्यांवर तर तांबडे बारीक ठिपके आले, सुईच्या टोकाएवढे.

माझा धंदाच रंगाचा. बाई साडी घेऊन येते, मी काठ बघते आणि तिनं काही म्हणायच्या आत ठाण काढते. या डागांकडंही मी सुरुवातीला तसंच बघत होते. नवा डाग वांगी असायचा. एक-दोन दिवसांत आमसुली व्हायचा, मग कडेनं हिरवट, शेवटी हळदीसारखा होऊन विरून जायचा. तोवर शेजारी दुसरा वांगी उमटलेला असायचा. खरं सांगते, तेव्हा मला भीती अशी वाटलीच नाही. दुखत नाही ना, मग काय एवढं, असंच डोक्यात होतं.

माझा नवरा अनिल शिरवळच्या एका कारखान्यात आहे. सकाळी कंपनीच्या बसनं जातो, अंधार पडल्यावर येतो. त्याला दाखवलं तर म्हणाला, "रक्त कमी झालं असेल. बीट खा." मी बीट खाल्लं. त्या महिन्यात पाळी थांबता थांबेना, तरी मी दुकान उघडत राहिले. लग्नसराई होती.

न दुखणारा, न आठवणारा डाग म्हणजे साधी गोष्ट नव्हे, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं. हे लिहायला बसले त्यामागं एक कारण ते आहे. दुसरं शेवटी सांगते.

*

माझं माहेर आटपाडीच्या अलीकडं. वडील नाहीत. आई आहे आणि मोठा भाऊ तानाजीदादा. तो फौजेत आहे. गावच्या जत्रेला म्हणून तो सुट्टी काढून आला होता. अनिल आणि मीही निघालो.

विट्याच्या स्टँडवर गाडी बदलायची होती. जत्रेची गर्दी. अनिल आधी चढला. मी पायरीवर एक पाय टाकला आणि ड्रायव्हरनं गाडी हलवली. अनिलनं वाकून माझा दंड धरला आणि मला आत ओढून घेतलं. धरलं नसतं तर मी चाकाखालीच जायची. आत आल्यावर आम्ही दोघं हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाल्यावर आई केसांना तेल लावत होती. ती मधेच थांबली.

"आगं, ह्ये कुनी केलं?"

मी मान वळवून बघितलं. दंडावर चार बोटं आणि एक अंगठा, शिक्का मारल्यासारखे उठले होते.

"गाडीत चढताना ह्यांनी धरलं गं."

"गाडीत चढताना," आईनं माझेच शब्द पुन्हा म्हटले. मग तिनं माझ्या परकराचा काठ वर केला आणि पोटऱ्या बघितल्या. "आन् ह्ये बी गाडीतच?"

कपाटाला लागलं असेल, कुठं लागलं आठवत नाही, दुखत नाही, असं जे जे तोंडात येत होतं ते सगळं मार खाणाऱ्या बायका सांगतात तसंच होतं. मी खरं बोलत होते आणि माझं मलाच ते खोटं ऐकू येत होतं.

आईनं दादाला सांगितलं असणार. दादानं मला एका शब्दानं विचारलं नाही. जेवणं झाल्यावर तो अनिलला म्हणाला, "दाजी, जरा बागंकडं येता का?" आमची डाळिंबाची बाग घरामागंच आहे. दोघं गेले. परत येताना अनिल पुढं होता, एकटाच. डावा गाल लाल झाला होता आणि त्याची नजर जमिनीवर होती.

मागून दादा आला. "वैशे, तुला सातारला जायाचं न्हाई आता. हितंच ऱ्हायाचं."

"दादा, त्यांनी काही केलेलं नाही."

"समद्या असंच म्हनत्यात."

आई चुलीपाशी पाठ करून उभी होती. अनिल ओसरीच्या कडेला बसला. अगदी हळू आवाजात म्हणाला, "दंडावरची बोटं माझीच आहेत. बाकीचं कसं झालं, मला खरंच माहीत नाही."

हे ऐकून दादाचा संताप आणखीच वाढला, ते मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. त्याला कबुली हवी होती किंवा नकार हवा होता. अनिलनं यातलं काहीच दिलं नाही.

*

सकाळी उठले तर तोंडात लोखंड चघळल्यासारखी चव. उशीवर रक्त होतं. हिरड्यांतून येत होतं आणि चुळा भरल्या तरी थांबत नव्हतं. आई टॉवेल घेऊन आली, माझ्याकडं बघितलं आणि दादाला हाक मारली. तो दारात येऊन उभा राहिला. उशीकडं बघत राहिला.

"ह्ये तर कुनी मारून झालेलं न्हाई रं," आई त्याला म्हणाली.

दादानं जीप काढली. तो गाडी चालवत होता, अनिल त्याच्या शेजारी, मागं मी आणि आई. सांगलीला निघालो. रस्त्यात एक-दोनदा दादा एवढंच म्हणाला, "खड्डा हाय," आणि गाडी एकदम हळू केली. तेवढ्यानंच मला रडू आलं.

दवाखान्यात रक्त घेतलं. थोड्या वेळानं पुन्हा घेतलं, कारण पहिल्या आकड्यावर त्यांचा विश्वास बसला नाही. मग डॉक्टर मॅडम स्वतः आल्या. पन्नाशीच्या असतील, केस पांढरे, रंगवलेले नाहीत. त्यांनी माझे हातपाय बघितले, दंड बघितला आणि सगळ्यांना बाहेर पाठवलं.

"घरी कुणी मारतं का?" त्यांनी विचारलं. "इथं सांगितलेलं बाहेर जाणार नाही."

मी लगेच नाही म्हणाले नाही. म्हणजे उत्तर नाहीच होतं, पण ते कसं सांगायचं ते मला सुचेना. नवऱ्यानं धरलं, नवऱ्यानं ओढलं, असं म्हटलं तर ते कसं ऐकू येईल? शेवटी गाडीचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. नडगीवरचा एक ठिपका बोटानं दाबून बघितला.

"हे ठिपके दाबले तरी जात नाहीत. असे ठिपके माराचे नसतात," त्या म्हणाल्या. "तुमच्या प्लेटलेट आठ हजार आल्यात. दीड लाखाच्या वर पाहिजेत. आत्ता तुमचा हात कुणी प्रेमानं जरी घट्ट धरला तरी वळ उठेल."

त्यांनी सगळ्यांना आत बोलावलं आणि आजाराचं नाव सांगितलं. इम्यून थ्रॉम्बोसायटोपेनिक पर्प्युरा. एवढं लांबलचक नाव ऐकून मला चक्क हायसं वाटलं. ज्याला एवढं मोठं नाव आहे त्याबद्दल या लोकांना सगळं माहीत असणार. मी विचारलं, "पर्प्युरा म्हणजे काय हो?" एखादा जंतू असेल किंवा शरीरातला एखादा भाग असेल, असं वाटत होतं.

"लॅटिन शब्द आहे. पर्प्युरा म्हणजे जांभळा."

"जांभळा काय?"

"नुसता जांभळा. रंग."

मी त्यांच्याकडं बघत राहिले. "म्हणजे मॅडम, जांभळे डाग पडले म्हणून मी आले, आणि तुम्ही सांगताय की मला जांभळं झालंय."

त्या हसल्या नाहीत. "हो. नावात तेवढंच आहे. जुन्या डॉक्टरांना शरीराच्या आत बघता येत नव्हतं. कातडीवर जे दिसलं त्याचा रंग त्यांनी लिहून ठेवला, आणि नाव तेच राहिलं."

"पर झालं कशानं?" दादानं विचारलं.

"शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशी असतात, फौजेसारख्या. त्या हिच्याच प्लेटलेटना शत्रू समजून मारतायत."

"आपल्याच मान्सास्नी?"

"आपल्याच. असं का होतं, ते सांगता येत नाही."

दादा भिंतीला टेकला आणि खाली बघत राहिला. अनिल माझ्या पायाशी उभा होता. दादा त्याच्याकडं बघतही नव्हता.

कारण नाही, हे घरातल्या माणसांना फार जड जातं. आईनं कुणाची तरी नजर लागली म्हणून उतारा टाकून घेतला. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "तुमच्या माहेरात कुणाला होतं का असलं?" प्रत्येकाला कुणीतरी धरायला हवं होतं. दादाला एक माणूस सापडला होता आणि तोही हातातून गेला.

त्यानं मॅडमना गाठून सांगितलं, "माझं रक्त घ्या. पाहिजे तेवढं काढा." त्या म्हणाल्या, "आत्ता नको. तुमच्या प्लेटलेट दिल्या तर हिचं शरीर त्याही मोडून टाकेल." एवढा धिप्पाड माणूस, बाही वर करून आलेला, ती बाही तशीच ठेवून कितीतरी वेळ जिन्यात उभा होता.

*

वॉर्डात मऊ ब्रशनंसुद्धा दात घासायचे नव्हते. पलंगावरून उतरताना आधार घ्यायचा. डोकं दुखलं तर लगेच सांगायचं. हे शेवटचं सगळ्यात वाईट. डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो, हे मला कळलं होतं. त्यामुळं कपाळ जरा जड झालं की मी आढ्याकडं बघत पडायची आणि हे खरं दुखणं आहे की भीतीचं, ते ठरवत बसायची. दर वेळी सिस्टर यायच्या, डोळ्यांत बॅटरी मारायच्या आणि म्हणायच्या, "ठीक आहे." पुन्हा येताना कधी कंटाळा केला नाही त्यांनी.

पलीकडच्या खाटेवर जतकडच्या एक आक्का होत्या. पाय सुजलेले. एकदा मला म्हणाल्या, "माजं आल्बूमिन जातंया म्हनं लघवीतनं. त्ये काय असतंया गं?"

मला माहीत नव्हतं. राउंडला मॅडम आल्यावर मी विचारलं. त्या आक्कांच्या पायाशी बसल्या आणि म्हणाल्या, "रक्तातलं एक सत्त्व असतं, आक्का. अल्बस म्हणजे पांढरं. अंड्यातलं पांढरं असतं ना, त्यावरून नाव पडलंय."

आक्कांनी क्षणभर विचार केला. "म्हंजे माजं पांढरं जातंया आन् हिचं जांभळं येतंया."

सगळा वॉर्ड हसला. मॅडमसुद्धा हसल्या. मी ओठ मिटून हसले, हिरड्यांच्या भीतीनं.

त्यानंतर मला सवयच लागली. माझ्या हाताला सलाइनची सुई होती तिथं सूज आली. मॅडमबरोबरच्या शिकाऊ डॉक्टरांपैकी कुणीतरी म्हणालं, "रूबर आहे." विचारलं तर रूबर म्हणजे लाल. एवढंच. ल्युटिया पिवळा, नायग्रा काळा, अल्बा पांढरा. मॅडम दर राउंडला एखादा शब्द सांगून जायच्या. हे शब्द कानावर पडले की आधी वाटायचं, आता काहीतरी भयंकर सांगणार. उलगडून बघितलं की आत माझ्या दुकानातलाच एखादा रंग निघायचा.

त्यानं धीर आला का? थोडा आला. पण कधी कधी उलटंही व्हायचं. आढ्याकडं बघत पडले की वाटायचं, यांनी फक्त रंग सांगितला. मीही रंगच सांगितला होता. मग माझ्या आत काय चाललंय ते नक्की कोण सांगणार? हे मी कुणाला बोलले नाही. अनिलला तर नाहीच.

मी काय धंदा करते हे मॅडमना कळलं तेव्हा त्यांनी आणखी एक सांगितलं. पर्प्युरा हा मुळात आजाराचा शब्दच नव्हे. समुद्रातल्या एका जातीच्या गोगलगायीपासून पूर्वी जांभळा रंग काढायचे. तो इतका महाग होता की राजेलोकच ते कापड वापरायचे. त्या रंगाचं नाव पर्प्युरा. म्हणजे शब्द कापडाचा, डॉक्टरांनी तो कातडीला लावला. मी बराच वेळ त्या कापडाचा विचार करत पडले. ते माझ्या दुकानात आलं असतं तर मी त्याला काय म्हटलं असतं? वांगी की अंजिरी? त्या दुपारी डोकं दुखतंय की नाही, हे बघायचं मी विसरून गेले.

*

एका संध्याकाळी अनिल खाटेजवळच्या स्टुलावर बसला होता. म्हणाला, "पहिल्या दिवशी मॅडमनी तुला एकटीला काय विचारलं?"

मी सांगितलं.

"मग तू काय म्हणालीस?"

"खरं तेच."

"मग एवढा वेळ का लागला? आम्ही दाराबाहेरच होतो. दार उघडेना तसा तुझा दादा माझ्याकडं बघायला लागला."

कसं सांगायचं ते सुचत नव्हतं, असं मी म्हटलं. त्याला ते पटलं की नाही कळलं नाही. थोड्या वेळानं तो म्हणाला, "त्यानं मारलं त्याचं सोड. पण बागेत त्यानं विचारलं ना, तेव्हा मला स्वतःचीच शंका आली. झोपेत माझा हात लागत असेल का? आपण हिला कधी जोरात धरतो का? मी आठवत होतो. म्हणून मला धड नाहीसुद्धा म्हणता आलं नाही."

बोलताना त्यानं दोन्ही हात स्वतःच्या मांडीवर ठेवले होते, उताणे. मी त्यातला एक धरला. त्यानं तो हलवला नाही, पण माझा हात धरलाही नाही.

दादाची सुट्टी संपली. निघायच्या सकाळी तो वॉर्डात आला, कागदी कपात दोन चहा घेऊन. एक अनिलपुढं धरला. "दाजी, च्या घ्या." अनिलनं घेतला. दोघं खिडकीशी उभे राहून प्याले. दादानं रिकामे कप एकात एक घातले, माझ्या डोक्यावरून हात फिरवला, अगदी वरच्यावर, आणि गेला.

*

गोळ्यांनी प्लेटलेट वाढल्या आणि मला घरी सोडलं. घरी आल्यावर सगळं सोपं होईल असं मी धरून चालले होते, तसं झालं नाही.

स्टेरॉइडनं माझा चेहरा पुरणपोळीसारखा फुगला. भूक अशी की पोळ्या लाटता लाटता खायची. झोप नाही. एवढ्यातेवढ्यावरून संताप यायचा, आणि तो निघायचा अनिलवर. तोच तेवढा घरात. जुने डाग जात होते, पण हिरवे-पिवळे होऊन जात होते, त्यामुळं जास्तच दिसत. मी लांब बाह्यांचे ब्लाउज शिवून घेतले. अनिल पेठेत किराणा आणायला गेला की बायका त्याच्याकडं बघून बोलायच्या थांबत. आजाराचं नाव सांगितलं तरी लोकांच्या डोळ्यांतलं जात नाही. नाव लॅटिन होतं, डाग मात्र सगळ्यांच्या ओळखीचे.

अनिल मला हात लावेनासा झाला. ताट देताना, रिक्षात बसताना, रस्ता ओलांडताना अंतर ठेवून. पलंगाच्या अगदी कडेला झोपायचा. मी एकदा ओरडले, "मी काचेची नाही." तो म्हणाला, "मला माहीत आहे," आणि तरी तिथंच राहिला. त्याची भीती माझ्या आकड्याबरोबर कमी झाली नाही. ती आपल्या गतीनं गेली, अजूनही पूर्ण गेली असं म्हणवत नाही.

गोळ्या कमी केल्या तसा आकडा घसरला. मग दुसरी गोळी. आता तो बऱ्यापैकी टिकून आहे. बरी झालीस का, असं लोक विचारतात. मी हो म्हणते, आणि महिन्याला रक्त देऊन येते. रिपोर्ट येईपर्यंत अजून रोज अंघोळ करताना नडग्या तपासते.

दादा फोन करतो तेव्हा आधी विचारतो, "दाजी बरं हायत का?" मग माझं. अनिल त्यानंतर आटपाडीला गेलेला नाही. विषय निघाला की म्हणतो, "जाऊ की." मी जोर करत नाही.

*

आता ते दुसरं कारण.

दुकानात मी आजाराबद्दल मोकळेपणानं बोलते. चेहऱ्याची सूज उतरल्यापासून तर जास्तच. मागं एक बाई आल्या. चाळिशीच्या आतल्या, नीटनेटक्या, कॉलेजात शिकवणाऱ्या असाव्यात. अस्तर हवं होतं, पूर्ण बाह्यांच्या ब्लाउजचं. कापड बोटांत धरून बघताना त्यांची बाही मागं सरकली. मनगटाच्या वर वांगी डाग होता. त्याच्या शेजारी एक हळदी.

मी त्यांना बसवलं आणि माझं सगळं सांगितलं. न दुखणारे डाग, न आठवणारे डाग, रक्त तपासा, उशीर करू नका. माझ्या माहेरी काय झालं तेही सांगितलं. त्या फार लक्ष देऊन ऐकत होत्या. मधेच विचारलं, "म्हणजे घरात कुणाची काही चूक नसतानासुद्धा असं होऊ शकतं?"

"होऊ शकतं. मला झालं ना."

"काय म्हणालात नाव?"

"पर्प्युरा."

त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून बघितला. जाताना त्यांचा चेहरा मला उजळल्यासारखा वाटला. कुणाला तरी वेळेवर सांगितलं, याचं समाधान घेऊन मी घरी गेले.

आठ-दहा दिवसांनी त्या परत आल्या. दुपारची वेळ, दुकानात कुणी नव्हतं. मी त्यांच्यासाठी अस्तर काढायला उठले तर त्यांनी हातानंच नको म्हटलं.

"रक्त तपासून घेतलं," त्या म्हणाल्या. "काही नाही. सगळं नॉर्मल आहे म्हणाले."

हे वाक्य ऐकायला मी किती महिने झुरले होते. त्यांनी ते मान खाली घालून सांगितलं.

मी बाहेर जाऊन शटर अर्धं खाली ओढलं. आत येऊन त्यांच्यासमोर स्टूल घेतलं. पाणी दिलं. त्यांनी ग्लास हातात धरून ठेवला, प्याल्या नाहीत.

"कुठून सांगू?" त्यांनी विचारलं.

"कुठूनही सांगा," मी म्हटलं. "मी बसलेय."